ओळख आपल्या कॉलेजची, दार दुसऱ्या कॉलेजचे



चिंचोटी नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहून पाहावे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रकची रांग लागलेली असते. भिवंडीकडून कामणमार्गे आलेले टेंपो तिथेच येऊन मिसळतात. त्या गर्दीतून डब्याची पिशवी सांभाळत बाया गाळ्यांकडे निघतात आणि पाठीला दप्तर लावलेली पोरे शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून स्टेशन गाठतात. मागे तुंगारेश्वरचा डोंगर. पावसाळ्यात मुंबईची माणसे इथला धबधबा बघायला येतात. इथल्या माणसांना मात्र पावसाळा म्हटला की धबधब्याआधी महामार्गावरची कोंडी आठवते.

मागच्या महिन्यात इथल्याच एका घरी गेले होते. घरधनी टेंपो चालवतात. बाई एका गाळ्यात पॅकिंगचे काम करते. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटा दहावीला. दारात पाऊल टाकताच बाई म्हणाल्या, "जयभीम ताई. बरं झालं आलात. हिच्याशी बोला जरा. चार दिवस झाले, तोंड पाडून बसलीय. विचारलं तर सांगत नाही."

मुलगी आधी बोलेना. चहा झाला, धाकटा खेळायला गेला, तेव्हा तिने हळूहळू सांगितले. तिला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे. लागणारी पुस्तके तिच्या कॉलेजात नाहीत. सरांनी सांगितले की उपनगरातल्या अमुक मोठ्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा, प्राचार्यांचे पत्र घेऊन जा. पोरगी पत्र घेऊन गेली. पत्र पाहून ग्रंथपालबाईंनी तिला बसू दिले, चांगले बोलल्या. पण पुस्तके सगळी कपाटात थोडीच असतात आता? निम्मी संगणकावर. बाईंनी सांगितले, तुझ्या मोबाईलवर उघड. हिच्या मोबाईलचे दिवसाचे दीड जीबी नेट सकाळी गाडीतच संपलेले, कारण आदल्या रात्री शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला होता, तो तिने प्रवासात भरला. म्हणून ती कार्यालयात वायफायचा पासवर्ड मागायला गेली. तिथल्या कारकुनाने ओळखपत्र पाहिले आणि म्हणाला, "तू आमची नाहीस. बाहेरच्यांना पासवर्ड देत नाही."

"एवढंच ना? नियम असेल त्यांचा," आई म्हणाली.

"एवढंच नाही आई," मुलगी म्हणाली. "माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी होती. तीही त्या कॉलेजची नव्हती. पवईच्या आयआयटीत शिकते म्हणाली. तिचं नेट चालू होतं. मी विचारलं, तुला कुणी पासवर्ड दिला? ती म्हणाली, कुणी नाही, इथं आल्यावर फोन आपोआप जोडला गेला. मावशी, तिला कुणी काही विचारलंच नाही. माझ्याकडं तर प्राचार्यांचं पत्र होतं."

ते शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिच्या पत्रावर ग्रंथालयाचे दार उघडले, पण वायफायचे उघडले नाही. दुसऱ्या मुलीकडे कागदही नव्हता आणि तिला दोन्ही दारे उघडी. हे कसे झाले, याची माहिती काढली. ती आज तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न त्या एका पोरीचा नाही.

एडुरोम म्हणजे काय?

त्या मुलीच्या फोनने जे वायफाय पकडले त्याचे नाव एडुरोम. शिक्षण आणि फिरणे या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा हा जोड आहे. २००२ साली हॉलंडमध्ये क्लास विरेंगा नावाच्या तंत्रज्ञाने ही कल्पना मांडली. ते तेव्हा सर्फनेट या तिथल्या विद्यापीठांना इंटरनेट पुरवणाऱ्या संस्थेत होते. त्यांचा विचार साधा होता. एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला की दरवेळी पाहुणा म्हणून नाव नोंदवतो, पासवर्ड मागतो, आणि दोन दिवसांनी तो पासवर्ड बंद होतो. हे कशाला? त्याला त्याची संस्था ओळखते. तिच्याच शब्दावर दुसरी संस्था त्याला का जोडून घेऊ नये? आधी युरोपातल्या काही देशांत हा प्रयोग झाला. आज शंभरावर देशांत आणि प्रदेशांत ही सोय आहे. विद्यार्थ्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत.

भारतात हे काम अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था पाहते. अर्नेटची गोष्ट आपण जाणून घेतली पाहिजे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन हे जाळे सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आपल्या मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी अशा मोजक्या संस्था होत्या. सर्वसामान्य माणसाला विदेश संचार निगमने इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे मोठ्या संस्थांच्या प्रयोगशाळांत संगणक एकमेकांशी बोलू लागल्यावर नऊ वर्षांनी ते बाजारात आले. आणि आपल्या चाळीत, आपल्या पाड्यावर, आपल्या खिशातल्या फोनमध्ये यायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली. ज्यांच्याकडे आधी होते त्यांच्याकडे नवी सोयही आधी येते. आयआयटीच्या मुलीचा फोन आपोआप जोडला गेला आणि चिंचोटीच्या मुलीचा नाही, याचे कारण हुशारी नव्हे. एकीच्या संस्थेने नाव नोंदवले आहे, दुसरीच्या संस्थेने नोंदवलेले नाही. एवढाच फरक.

एटीएमसारखेच आहे

हे चालते कसे, ते समजायला अवघड नाही. तुमचे खाते एका बँकेत आहे. नाक्यावर एटीएम दुसऱ्याच बँकेचे. तुम्ही कार्ड घालता, चार आकडी पिन दाबता. ते मशीन तुमच्या बँकेला विचारते, हा पिन बरोबर आहे का? तुमची बँक हो म्हणाली की मशीन पैसे देते. त्या दुसऱ्या बँकेला तुमचा पिन कळत नाही. तुम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, हेही ती विचारत नाही. तुमची बँक हो म्हणाली, तेवढे तिला पुरते.

एडुरोममध्ये कार्डाच्या जागी तुमचे नाव असते. ईमेलच्या पत्त्यासारखे. आधी विद्यार्थ्याचे नाव किंवा क्रमांक, मग ॲटची खूण, मग कॉलेजचा पत्ता, आणि शेवटी एसी डॉट इन. पाहुण्या कॉलेजचे वायफाय ॲटच्या पुढचा भाग वाचते आणि प्रश्न पुढे पाठवते. मुंबईतल्या मुंबईत असेल तर अर्नेटच्या संगणकामार्फत तो तुमच्या कॉलेजच्या संगणकाकडे जातो. मूल लंडनला असेल, तर तिथला संगणक पत्त्याच्या शेवटी भारताची खूण पाहून प्रश्न भारताकडे वळवतो. तुमचे कॉलेज हो म्हणते आणि दार उघडते. दोन-चार सेकंदांचे काम. पासवर्ड मात्र बंद पाकिटातून जातो. ते पाकीट फक्त तुमचे कॉलेज फोडू शकते. वाटेतल्या कुणालाही, अगदी ज्या कॉलेजात तुम्ही बसला आहात त्यालाही, तो दिसत नाही.

एकदा फोनमध्ये हे बसवले की पुन्हा काही करायचे नाही. जिथे एडुरोम आहे तिथे फोन आपोआप जोडला जातो. कारकुनाच्या खिडकीपाशी जाणे नाही, 'तू आमची नाहीस' हे ऐकणे नाही.

पत्राचे मोल

आता कुणी म्हणेल, यात नवे काय? आपल्या समाजाला शिफारसपत्राची किंमत नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. त्यांच्याविषयी कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना शिफारस केली होती. एका विद्येच्या घराने दुसऱ्या घराला सांगितले की हा आमचा विद्यार्थी आहे, याला आम्ही ओळखतो. ज्या माणसाला स्वतःच्या देशात शाळेत वेगळे बसवले गेले, त्याच्या नावापुढे जगातल्या मोठ्या विद्यापीठाने आपले नाव लावले. पुढे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची अडचण काय आहे ते पाहून संस्थेने स्वतःला बदलायचे असते, हा त्यातला धडा.

आज विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, परीक्षेचा अर्ज ऑनलाईन, निकाल ऑनलाईन, सरांच्या नोट्स व्हॉट्सॲपवर. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवर हजारो पुस्तके आणि संशोधनपत्रिका आहेत. खरगपूर आयआयटीने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. स्वयम्‌वर देशातल्या नामांकित प्राध्यापकांचे तास आहेत. सरकारने कपाटे भरून ठेवली, पण किल्ली रिचार्जच्या हातात दिली. बापाच्या टेंपोला त्या दिवशी भाडे मिळाले नाही की रिचार्ज लांबतो आणि पोरीचे कपाट बंद होते.

नेट मिळाले तर काय होते, त्याचे एक उदाहरण सांगते. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनवर गुगल आणि रेलटेल यांनी मोफत वायफाय सुरू केले आणि पुढे ते देशभर शेकडो स्टेशनांवर नेले. केरळात एर्नाकुलम स्टेशनवर एक हमाल होता. सामान वाहताना तो कानात इअरफोन लावून, स्टेशनच्या त्या वायफायवर उतरवलेले तास ऐकायचा. २०१८ साली तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. वर्तमानपत्रांत ही बातमी मोठी छापून आली. गुगलने २०२० मध्ये या योजनेतून अंग काढायचे ठरवले, रेलटेलने पुढे चालू ठेवले. हमालाच्या बुद्धीत कमी काही नव्हते. फुकट नेट येण्याआधीही नव्हते.

कॉलेजने काय करायचे?

प्राचार्यांना किंवा संस्थाचालकांना हे सांगितले की पहिले उत्तर येते, खर्च कोण करणार? म्हणून नेमके काय लागते ते आपल्याला माहीत असलेले बरे.

पहिली गोष्ट, कॉलेजचा एसी डॉट इन असा स्वतःचा पत्ता हवा. तो अर्नेटच देते आणि बऱ्याच कॉलेजांकडे तो आधीच असतो. दुसरी, विद्यार्थी व शिक्षकांची संगणकावरची यादी, प्रत्येकाचे नाव व पासवर्ड असलेली. प्रवेश झाला की नाव घालायचे, कॉलेज सोडले की काढायचे. तिसरी, हो किंवा नाही असे उत्तर देणारा एक संगणक. त्याला रेडियस सर्व्हर म्हणतात. त्याचा फ्रीरेडियस नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्याला फार भारी मशीन लागत नाही. चौथी, वायफायचे डबे असे हवेत की ते सगळ्यांना एकच पासवर्ड न ठेवता प्रत्येकाला स्वतंत्र ओळखतील. कार्यालयांसाठी बनवलेले बहुतेक डबे ते करतात, फक्त तशी मांडणी करावी लागते. पाचवी, अर्नेटकडे अर्ज, नियम मान्य असल्याची सही आणि चाचणी.

म्हणजे ज्या कॉलेजात वायफाय आधीपासून आहे, तिथे नव्या तारा ओढायच्या नाहीत. काम आहे ते यादी नीट ठेवण्याचे आणि एका जाणत्या माणसाने काही दिवस बसून मांडणी करण्याचे. आयटी शिकवणाऱ्या कॉलेजात तर हा मुलांचाच प्रकल्प होऊ शकतो.

दुसरा आक्षेप असा येतो की बाहेरची पोरे येऊन आमचे नेट खातील. त्यावर उत्तर आहे. पाहुण्यांसाठी वेगळी वाट काढता येते आणि त्यांच्या वेगाला मर्यादा घालता येते. शिवाय हे देणे-घेणे आहे. आज त्यांची दोन मुले आपल्याकडे येतील, उद्या आपली चार मुले त्यांच्याकडे जातील. लहान कॉलेजचा यात तोटा कमी आणि फायदा जास्त, कारण लहान कॉलेजच्या मुलांनाच मोठ्या ग्रंथालयात जावे लागते.

तिसरा आक्षेप, कुणी काही भलते केले तर? आज अनेक ठिकाणी एकच पासवर्ड असतो, तो फळ्यावर लिहिलेला असतो आणि चहावाल्यालाही माहीत असतो. कुणी काय केले ते शोधायला मार्ग नाही. एडुरोममध्ये प्रत्येक माणूस स्वतःच्या नावाने आत येतो आणि गरज पडली तर त्याची संस्था त्याला ओळखून काढू शकते. तेव्हा जोखीम वाढत नाही, कमी होते.

यात काय होणार नाही

आता खरे तेही सांगितले पाहिजे. एडुरोम घरी येत नाही. चिंचोटीच्या खोलीत रात्री दहाला अभ्यास करणाऱ्या पोरीला त्याचा उपयोग नाही. जिथे सामील झालेली संस्था आहे तिथेच ते मिळते. तिचे स्वतःचे कॉलेज सामील झाले नाही तोवर तिला शेजारच्या बाकावरही ते मिळणार नाही. पाहुण्या कॉलेजात नेट मिळाले म्हणून त्यांच्या सगळ्या विकतच्या पत्रिका उघडतीलच असेही नाही. ते ज्या त्या करारावर आहे.

पण जग इथे थांबलेले नाही, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. युगांडा हा आपल्याहून गरीब देश. तिथल्या विद्यापीठांचे जाळे चालवणाऱ्या रेनू या संस्थेने पाहिले की मुले विद्यापीठात राहत नाहीत, बाहेर खोल्या घेऊन राहतात. म्हणून त्यांनी एडुरोम वसतिगृहांत आणि शहरातल्या सार्वजनिक जागांत नेले. अमेरिकेत युटा राज्यात ते शाळांत व ग्रंथालयांत नेले. स्वीडनमध्ये ते विमानतळांवरही मिळते. म्हणजे कॉलेजची भिंत ही त्याची हद्द नाही. कुणी ठरवले आणि अर्नेटने मान्य केले, तर ते महापालिकेच्या वाचनालयात येऊ शकते, वस्तीतल्या अभ्यासिकेत येऊ शकते. आपल्या कित्येक विहारांत संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात. तिथे ट्यूबलाईट आहे, पंखा आहे, सतरंजी आहे. वसई-विरारला २००९ पासून महापालिका आहे, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. मागणाऱ्याने मागितलेच नाही, तर देणारा कुणाच्या दारात येतो?

मुलांनी एवढे सांभाळावे

ज्यांच्या कॉलेजात ही सोय आहे किंवा पुढे होईल, त्या मुलांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, एडुरोमसाठी ब्राउझरमध्ये पान उघडून पासवर्ड मागितला जात नाही. तसे पान उघडले आणि वर एडुरोमचे नाव असले, तर समजावे की कुणीतरी जाळे लावले आहे. काही टाकू नये, वायफाय बंद करावे.

दोन, फोनमध्ये हे बसवताना मित्राने सांगितले म्हणून काहीही दाबू नये. कॉलेजने दिलेल्या मांडणीनेच किंवा गेटएडुरोम या अधिकृत ॲपनेच बसवावे. त्याने फोनला आपल्या कॉलेजचा खरा संगणक ओळखता येतो आणि खोट्याला तो पासवर्ड देत नाही.

तीन, आपले नाव-पासवर्ड कुणाला वापरायला देऊ नये. जिवलग मैत्रीण असली तरी नाही. तिने केलेले तुमच्या नावावर चढते. तिला द्यायचेच असेल, तर तिच्या कॉलेजला अर्ज करायला मदत करा.

अर्ज कसा लिहायचा?

त्या दिवशी मी हे सगळे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, हे सगळं खरं. पण प्राचार्यांसमोर आम्ही काय बोलणार? आम्ही पडलो अडाणी."

मी म्हटले, "बोलू नका. लिहून द्या. लिहिलेल्या कागदावर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोललेलं हवेत जातं."

मग आम्ही तिथेच बसून अर्ज लिहिला. मुलीने लिहिला, मी शब्द सुचवले, आईने मध्येच एक वाक्य घातले. तो मसुदा इथे देते. ज्यांना हवा त्यांनी कॉलेजचे नाव घालून वापरावा.

"मा. प्राचार्य यांस,

विषय : महाविद्यालयाने एडुरोम सेवेत सहभागी होण्याबाबत.

महोदय,

आम्ही आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी व पालक आहोत. प्रकल्प, संदर्भग्रंथ व परीक्षेच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना अन्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जावे लागते. तेथे त्यांना वायफाय मिळत नाही. अर्नेट इंडियामार्फत चालणाऱ्या एडुरोम सेवेत आपले महाविद्यालय सहभागी झाल्यास, विद्यार्थ्यांना आपल्याच महाविद्यालयाच्या नावाने व पासवर्डने अन्य सहभागी संस्थांत ही सोय विनामूल्य मिळेल. तरी आपण (१) अर्नेट इंडियाकडे चौकशी करावी, (२) महाविद्यालयातील सध्याचे वायफाय त्यासाठी पुरेसे आहे का, हे तपासून घ्यावे, (३) याबाबतचा निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही विनंती. आमच्या घरात एकच फोन आहे व दोन मुले शिकत आहेत.

आपले नम्र,"

खाली सह्यांसाठी जागा. शेवटचे वाक्य आईचे. मी म्हटले, अर्जात असे लिहीत नाहीत. बाई म्हणाल्या, "का लिहीत नाहीत? खरंच आहे ते." मुलगी म्हणाली, "राहू दे मावशी." मग मीही राहू दिले. आता वाटते, अर्जातले तेच वाक्य प्राचार्य दोनदा वाचतील.

एका सहीने अर्ज होतो, पण पन्नास सह्यांनी त्याला वजन येते. पालक सभेला आपले लोक जात नाहीत, खाडा पडतो म्हणून. निदान या अर्जावर सही करायला खाडा लागत नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या सह्या घ्या, कुठल्याही समाजाची असोत. रिचार्ज संपणे ही अडचण जात पाहून येत नाही. माजी विद्यार्थी नोकरीत असतील तर त्यांच्या घ्या. आणि ज्या शिक्षकाला संगणकाची आवड आहे त्याला आधी विश्वासात घ्या. काम शेवटी त्याच्याच गळ्यात पडणार आहे.

निघताना बाई नाक्यापर्यंत सोडायला आल्या. पाऊस भुरभुरत होता. रिक्षाची वाट पाहत उभ्या असताना त्यांनी विचारले, "ताई, हे होईस्तोवर हिचं शेवटचं वर्ष संपेल की ओ?"

मी खोटे बोलले नाही. म्हटले, "संपेल कदाचित."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग धाकट्याला तरी होईल. दहावीलाच आहे तो. अजून कॉलेजात जायचाय."

दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला. प्रकल्पासाठी ती पुन्हा त्याच ग्रंथालयात गेली होती, सकाळी नेट न वापरता राखून ठेवून. आणि स्वतःच्या कॉलेजच्या कार्यालयात अर्ज दिला होता. सतरा सह्या झाल्या होत्या. पोच घेतली होती.

जयभीम.